ठेक्यावरचा दुभाषी

इतकी वर्षं उलटली, पण दापोरा गावच्या त्या सुनेनं भर कोर्टात तोंडावर ओढलेला पदर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

राज्यांची पुनर्रचना होऊन बऱ्हाणपूर नुकतंच नव्या मध्य प्रदेशात गेलं होतं. मी तिथे ठाणेदार होतो. मॅजिस्ट्रेट साहेब लांबच्या हिंदी मुलखातले, त्यांना इथली बोली कळेना. पूर्वी दुभाष्याचं काम कोर्टाचाच एक जुना कारकून करी. तो निवृत्त झाल्यावर दुभाषे पुरवायचा ठेका निघाला, आणि ठेकेदार हाताला लागेल तो माणूस पाठवू लागला. जळाऊ लाकडं पुरवावीत तशी माणसं.

बाईवर आरोप होता जाळपोळीचा. शेजाऱ्याच्या कडब्याची गंजी पेटली आणि गोठ्यातले बैल होरपळून मेले. आदल्या दिवशी भांडणात "आग लागो तुझ्या गंजीले" असं ती बोलली होती, म्हणून फिर्यादीत तिचं नाव. ठाण्यात जबाब घेताना ती ताडताड बोलली. शेजाऱ्याचाच सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, गंजीला टेकून बिडी ओढत होता, तिनं स्वतः पाहिलं होतं. तो सालदार गावातून नाहीसा झालेला, त्यामुळे मला ते पटत होतं. पण फिर्याद होती, तिला हजर करणं भाग होतं, आणि पोलिसांपुढचा जबाब कोर्टात चालत नाही. जे सांगायचं ते तिनं तिथेच सांगायला हवं होतं.

तिथे बाई तोंडावर पदर ओढून मुकी. दुभाषी भिंतीकडे बघत म्हणाला, "कुछ नहीं बोलती, हुजूर." मौन म्हणजे संमती धरून साहेबांनी जामीन नाकारला. अंगावर पिणारं लेकरू घेऊन ती जेलात गेली. मला तिचा रागच आला.

कोर्टाबाहेरचा चहावाला आमचा खबऱ्या. तो हसून म्हणाला, "साहेब, तो दुभाषी तिचा चुलत जेठ हाय, नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. जेठासमोर सून तोंड उघडीन काय?"

दुभाष्याला ठाण्यात बोलावलं. "हे नातं कोर्टात का सांगितलं नाहीस?"

"मले कोनी पुसलंच नाई. ठेकेदार बोल्ला जा, मी गेलो."

"आणि भिंतीकडे काय बघत होतास?"

"मंग धाकल्या भावाच्या बायकोकडं पाहू काय, साहेब?"

तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. दोघंही आपापली रीत पाळत होते आणि बाई तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

दुभाषी बदलून मिळावा असा अर्ज मी कोर्टात दिला. ठेकेदार कुरकुरला, "दुभाषी तो दुभाषी है, इसमें रिश्ता कहाँ से आया?" पण पुढच्या तारखेला दुसऱ्या गावचा माणूस उभा राहिला. बाई अशी बोलली, की साहेबांना तिला थांबवत थांबवत लिहून घ्यावं लागलं. जामीन झाला. सालदार देडतलाईला सासरवाडीत सापडला आणि त्यानं बिडीचं कबूल केलं.

सुटल्यावर मी तिला विचारलं, "लेकरासकट कोंडून राहिलीस. एकदा तरी बोलायचं!"

"जेल तं सुटते, साहेब. घरात तं त्येच जेठ राहतीन, जलमभर."

नोकरीत मी पुष्कळ गप्प माणसं बोलती केली, काही धाक दाखवून, काही चहा पाजून. त्यानंतर मात्र कुणी गप्प बसलं, की खोलीत आणखी कोण उभं आहे ते मी आधी बघत असे आणि मगच प्रश्न विचारत असे.