अर्धी दाढी आणि व्हिएतनाम

व्हिएतनाम नेमका कुठल्या दिशेला आहे, हे सोनईच्या सलूनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं; बाजू मात्र प्रत्येकाने घेतलेली होती. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. पेपर आला की न्हावी आधी युद्धाची बातमी मोठ्याने वाचायचा, मगच वस्तरा उचलायचा.

मी अमेरिकेच्या बाजूचा. जत्रेतल्या नाटकांत कामं केलेली, त्यामुळे आवाजही अमेरिकेएवढाच. माझा थोरला चुलतभाऊ विरुद्ध पक्षाचा. एका सकाळी एका गालाची दाढी झालेली असताना तो खुर्चीतूनच म्हणाला, "दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन जायचं आन् वर त्यालाच शानपन शिकवायचं, ही कुठली रीत रं?"

मला उत्तर सुचेना. म्हणून मी बाकावर चढलो. "दादा, तुमी श्रीगोंद्याच्या पुढं कधी गेला न्हाई. व्हिएतनामला कवा जाऊन आलात?"

सलूनमध्ये हशा फुटला. मी झुकून दाद घेतली. दादाने गळ्याभोवतीचा कपडा काढला आणि अर्ध्या दाढीनिशी तो घरी चालता झाला.

आमची विहीर सामाईक, तिच्यावरचं पाणी उपसायचं इंजिनही सामाईक. ते जुनं धूड एकट्याला ऐकायचं नाही. मी हँडल फिरवायचं, वेग आला की दादाने वरची कळ पाडायची. तीन दिवस दादा आलाच नाही. माझा ऊस सुकत होता, त्याचाही. हँडलपाशी बसून मी विचार करायचो, एवढं लागण्यासारखं आपण अमेरिकेबद्दल बोललो तरी काय? आणि आठवेना. कारण अमेरिकेबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. उरलेली दाढी तशीच होती.

"चुकलो, दादा."

"इथं कशाला सांगतो? हसली ती मानसं तिकडं हायेत."

मग दोघं सलूनमध्ये गेलो. मंडळी तीच. बाक खुणावत होता. मी जमिनीवरच उभा राहिलो. "दादांनी इचारलं त्याचं उत्तर मला आलं न्हाई, म्हणून मी त्यांचं हसं केलं."

न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला, बाकीचे पेपरात डोकावू लागले. इतका पडलेला प्रयोग मी दुसरा केला नाही.

दादा खुर्चीत बसला, उरलेला गाल पुढे केला. "मग आता कुनाच्या बाजूचा?"

"अमेरिकेच्याच."

"ऱ्हा की. त्याला कोन रुसलं हुतं?" मग न्हाव्याकडे वळून म्हणाला, "उरक बाबा लवकर. आमचा ऊस वाळतोय."