माझे स्क्रू, तिचे स्क्रू

माझ्या कमरेत तीन स्क्रू आहेत. बसवले होते चार, पण एक नसेला खेटला म्हणून दुसऱ्यांदा टेबलावर घेऊन काढावा लागला. माझ्या धाकट्या जावेच्या कमरेतही चार बसवलेत, आणि चारच्या चार जागच्या जागी. तिचे दागिने, तिचा मरोळचा फ्लॅट, तिची इंजिनिअर झालेली मुलगी, यातल्या कशाचा मला कधी हेवा वाटला नाही, खरंच सांगते. पण त्या चार स्क्रूंचा वाटला, आजही वाटतो, आणि लपवाछपवी करायचं माझं आता वय नाही.

माझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. मुलुंडला घरीच शिवणाचे क्लास घ्यायचे मी. दिवसभर टेबलावर वाकून कापड बेतायचं, त्यात कंबर गेली, मणका सरकला. तेव्हाच्या डॉक्टरांनी हाताच्या अंदाजाने, मधूनमधून एक्स-रे बघत स्क्रू बसवले. बहुतेकांचे बरोबर बसायचे. माझेही तीन बसले. चौथा हाडाबाहेर जरासा डोकावला, आणि नेमकी तिथेच नस. पुढे तो काढला, पण डाव्या पायाची वाट लागली ती लागलीच. चालताना पंजा वर उचलत नाही, फरपटतो. चपलेला मागून पट्टा शिवून घेते, नाहीतर चप्पल रस्त्यात आणि मी पुढे. डॉक्टर वाईट नव्हते हो. मान खाली घालून बोलले माझ्याशी. पण त्यांच्या त्या मानेचं मी काय करू? घरी आले आणि क्लास बंद केला.

आता गौरीचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आम्ही मूळचे कोकणातले. गौरी-गणपती थोरल्या घरी, म्हणजे आमच्याकडे. आमच्यात गौर थोरल्या सुनेने आणायची. सुपात तेरड्याची रोपं आणि मुखवटा, आणि लिफ्टच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंत जमिनीवर तांदळाच्या ओल्या पिठाने उमटवलेली छोटी छोटी पावलं. त्या पावलांवरून चालत यायचं. उंबऱ्याशी आतली बाई विचारते, "गौर आली?" आपण म्हणायचं, "आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी." लग्न होऊन आले तेव्हापासून हे उत्तर माझं होतं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या गौरीला मी हट्टाने सूप हातात घेतलं. पिठाची पावलं वाळली की नीट पाय टाकणाऱ्याच्या पायाखाली तशीच राहतात. माझ्या पायाने डावीकडची सगळी पुसून काढली. वळून बघते तर लिफ्टपासून उंबऱ्यापर्यंत नुसता पांढरा फराटा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चालायचंच गं." ते ऐकून मला असा संताप आला की सोन्याच्या पावलांचं उत्तर तोंडातून फुटेचना. आमच्या ह्यांनीच ते माझ्या वतीने देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी सूप जावेकडे गेलं. मीच दिलं, कुणी मागितलं नव्हतं. माझ्याकडे आलं उंबऱ्यात उभं राहून प्रश्न विचारायचं काम. ती कशी चालायची सांगू? सावकाश, सरळ, आधी टाच मग बोटं, आणि मागे एक पाऊल फिसकटलेलं नाही. बायका म्हणायच्या, काय शोभते गौर हिच्या हातात! आणि मी आत जाऊन शिजलेली भाजी उगाच ढवळत बसायची. ती मिरवली असती तर भांडून मोकळी झाले असते. पण ती मिरवायचीही नाही. आल्या आल्या पहिली माझ्या पाया पडायची, त्याच डाव्या पायाला हात लावून.

मग एका हिवाळ्यात तिचाही मणका सरकला. कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आता कळेल हिला. बस, इतकंच आलं.

अंधेरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायातली ताकद कमी व्हायला लागलीय, ऑपरेशन लांबवलंत तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. आणि बाईसाहेबांनी साफ नकार दिला. "वहिनींचं बघितलंय मी," म्हणाली. "गोळ्या खाईन, पट्टा लावीन, पण कमरेत स्क्रू नको."

झालं! माझे दीर हात जोडून माझ्या दारात. "वहिनी, ती फक्त तुमचं ऐकेल. तुम्हीच समजवा." वा रे वा! माझा पाय बघून ती नाही म्हणणार, आणि तोच पाय ओढत जाऊन मी तिला हो म्हणायला लावायचं! ते गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आमचे हे म्हणाले, "गप रव गो. सरळ मनान सांगता तो." यांच्या घरात सगळ्यांची मनं सरळ आणि मी तेवढी वाकडी.

तरी गेले तिच्याबरोबर. डॉक्टर तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. कॉम्प्युटरवर एक एक चित्र दाखवत सांगत होते. आता ऑपरेशनच्या टेबलावरच स्कॅन काढतात. पाठीच्या एका हाडाला छोटीशी चौकट चिमट्याने घट्ट बसवतात, तिच्यावर चमकणारे गोळे असतात. कॅमेरा ते गोळे आणि डॉक्टरांच्या हातातलं हत्यार, दोन्हींवर नजर ठेवतो. त्यामुळे हत्याराचं टोक हाडात नक्की कुठे आहे ते समोरच्या पडद्यावर दिसतं, स्क्रू आत जायच्या आधीच. "हाडाचा पूल असतो करंगळीएवढा," ते म्हणाले. "त्याच्या आतूनच स्क्रू न्यायचा. बाहेर गेला की नस."

ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, "आणि ती चौकट सरकली तर?" कापडावर खडूने खूण केली आणि मग कापडच टेबलावर सरकलं, तर खूण खोटी पडते, हे मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलंय.

"तर पडदा खोटं सांगेल," डॉक्टर म्हणाले. "म्हणून दर स्क्रूआधी हाडाच्या ओळखीच्या टोकावर हत्यार टेकवून बघायचं. पडद्यावरही तिथेच दिसलं तरच पुढे जायचं. हमी मी देत नाही, पण नेम चुकायची भीती बरीच कमी होते."

मीच पुन्हा तोंड उघडलं. "माझ्या वेळी हे नव्हतं का हो?"

ते म्हणाले, "काही ठिकाणी होतं. सगळीकडे पोचलं नव्हतं."

नव्हतं म्हणाले असते तर चाललं असतं. नव्हतंच, तर कुणालाच नव्हतं. पण होतं! कुणाच्या तरी कमरेसाठी होतं, माझ्या नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. आणि आता हे सगळं, पडदा, कॅमेरा, चमकणारे गोळे, कुणासाठी? तर हिच्यासाठी, आणि ही नको म्हणत होती.

रिक्षात तिने माझा हात धरला. "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं करते." मी बाहेर बघत म्हटलं, "बघू."

त्या "बघू"वर मी कितीतरी दिवस काढले. तिचे फोन आले की इकडचं तिकडचं बोलायची आणि ठेवून द्यायची. मी नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. मग आम्ही दोघी सारख्या. शेवटी नाही म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी तेच होणार होतं. हे मला कळत होतं, आणि मी गप्प होते.

मग एका दुपारी ती कैऱ्या घेऊन मुलुंडला आली. दार मी उघडलं. उंबऱ्याबाहेर तिने उजव्या पायातली चप्पल काढली. मग डावी काढायला पाय झटकला, आणखी एकदा झटकला, आणि खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हतीच. ती लिफ्टच्या दाराशी पडली होती, आणि बाई तिथून इथपर्यंत अनवाणी पायाने आली होती. पायाने तिला सांगितलंच नव्हतं.

"अगंबाई," म्हणून ती हसली. मी नाही हसले. माझंही असंच सुरू झालं होतं. मी पाय ओढत गेले, चप्पल आणली, आणि ती तशीच हातात धरून ओरडले, "उद्याच्या उद्या अंधेरीला जा आणि तारीख घे!"

"पण वहिनी, तुमचं..."

"माझं मेलं माझ्यापाशी! तुझं चालणं मला बघवत नाही, माहितीय ना तुला? पण हे त्याहून बघवत नाही."

ती थेट रडायलाच लागली. तिला माहीत होतं तर. मी कैऱ्यांची पिशवी घेऊन आत गेले.

ऑपरेशनच्या दिवशी दीर, आमचे हे आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सांगितलेली वेळ उलटून गेली तेव्हा एक ज्युनिअर डॉक्टर आली. म्हणाली, काळजी करू नका, पण उशीर होणार. दोन स्क्रू बसले, तिसऱ्याआधी हाडावर टेकवून बघितलं तर पडद्यावर टोक भलतीकडेच दिसलं. चौकटीला कुणाचा तरी धक्का लागला असावा. म्हणून सर थांबलेत, चौकट पुन्हा लावून नवीन स्कॅन काढतायत.

दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मला, देवाशप्पथ, क्षणभर बरं वाटलं. बघा! यांचंही सरकतं! एवढं मोठं मशीन, आणि धक्क्याने हललं. पण मग तिचा एक शब्द डोक्यात शिरला. थांबलेत. म्हणजे चूक झाली नव्हती, व्हायच्या आधी कुणीतरी थांबलं होतं. माझ्याही डॉक्टरांनी एक्स-रे बघितले होते, तेही मन लावून काम करत होते. पण त्या चौथ्या स्क्रूआधी थांबा असं त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मशीनचा हेवा तोपर्यंत करून झाला होता माझा. आता मला त्या थांबण्याचा हेवा वाटायला लागला, आणि इतका वाटला की मी उठून जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. ह्यांना वाटलं, मी देवाचं नाव घेतेय.

दुसऱ्या दिवशी तिने चादरीतून पाय बाहेर काढला. "बघा वहिनी." बोटं वर केली, खाली केली, पंजा सरळ वर उचलला. मला आनंद झाला. पोटातही दुखलं. दोन्ही एकदमच झालं. "झकास," मी म्हटलं आणि तिच्यासाठी मोसंबी सोलायला घेतली.

त्या वर्षी गौरीला ती वेळेवर आली, ताठ, कमरेला पट्टा. लिफ्टपाशी मी सूप तिच्या हातात द्यायला गेले तर तिने हात मागे घेतले. "तुम्हीच आणा यंदा. डॉक्टरांनी मला काही उचलू नको म्हटलंय."

साफ खोटं! तपासणीला मीच होते तिच्याबरोबर. हलकं काही उचलायला हरकत नाही, असं डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले होते. तेरड्याच्या चार काड्यांना काय वजन असतं? मला दान देत होती ती. लिफ्टपाशी उभ्या शेजारणींसमोर मी भडकले. "चारही स्क्रू नीट बसलेत ना तुझे? मग चाल की सरळ! मी जा म्हटलं म्हणून हे पाय वाचलेत. माझ्या शब्दावर वाचलेत. मला बघायचंय ते कसे चालतात. धर!"

तिने सूप धरलं. मी जमेल तितक्या लगबगीने भिंतीच्या कडेने उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. ती निघाली. आधी टाच, मग बोटं. मी मुखवट्याकडे बघितलंच नाही, तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. तो दरवेळी वर उचलला जात होता आणि पिठाचं पाऊल तसंच मागे राहत होतं.

"गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

तिने माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "कशाच्या पावलांनी गं?"

"सोन्याच्या."

मी बाजूला झाले, ती आत गेली. मग तिच्या मागून देव्हाऱ्याकडे मीही निघाले, आणि घरातली डावीकडची सगळी पावलं माझ्या पायाने पुसत गेले. तिला फरपटल्याचा आवाज आला. ती थांबली, मान वळवून त्या फराट्याकडे बघू लागली.

"मागे काय बघतेस?" मी म्हटलं. "तुझी आहेत ती पुढे. चाल."