रक्ताची सुई

बाबांना रक्ताची सुई मी टोचायचे. किडन्या निकामी झाल्यापासून त्यांचं हिमोग्लोबिन सारखं उतरायचं. दर मंगळवारी मी फ्रिजमधलं इंजेक्शन काढायचे, त्याचा गारवा जाईपर्यंत तळहातात धरायचे, मग त्यांच्या दंडाची कातडी चिमटीत पकडायचे. सिमेंट फॅक्टरीत वर्षं काढलेला तो दंड हडकुळा झाला होता. चंद्रपूरच्या हॉस्टेलात इंग्रजी शाळा शिकून आल्यापासून घरात मी कमीच बोलते. मी 'मले'ऐवजी 'मला' म्हटलं तरी ताईला हसू येतं. पण मंगळवारची ती पाच मिनिटं बाबा माझे असायचे.

मग ताईने त्यांना किडनी दिली. बाबांचा रक्तगट ओ, ताईचाही ओ, माझा बी. पहिल्याच तपासणीत मी बाद झाले. आई म्हणाली, "बरं झालं, लहानीचं लग्न व्हायचं हाय." मला मात्र ते बरं वाटलं नाही.

ऑपरेशननंतर बाबा घुग्घुसला घरी आले. शेजारच्या बाई मास्क लावून दारातूनच बोलल्या, "भाऊ, आता तुमच्या अंगात मोठीचं रक्त धावून राह्यलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन लहानी, तू बायोलॉजी शिकली. खरं हाय का?"

"नाही बाबा. रक्त तुमचंच आहे."

मी जरा घाईनेच बोलले. ताईचा चेहरा उतरला आणि मला ते आवडलं.

"मंग डॉक्टरनं सुई काऊन बंद केली?"

आता सांगणं भाग होतं. चांगली किडनी एक प्रथिन बनवून रक्तात सोडते, एरिथ्रोपोएटिन. माझ्या सुईत तेच होतं, कारखान्यात बनवलेलं. शाळेत आम्ही त्याला सिग्नल म्हणायचो. मराठी शब्द पटकन सुचेना.

"निरोप," मी म्हणाले. "किडनी हाडांतल्या मज्जेला निरोप धाडते, रक्त बनवा म्हणून. आता ताईची किडनी धाडते."

इथे थांबता आलं असतं. पण बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि अर्धंच सांगितल्याचं मला लागून राहिलं होतं.

"ते प्रथिन ज्या जीनवरून बनतं, तो ताईच्या पेशींतला. म्हणजे रक्त तुमचं, पण निरोप तिचा."

"घ्या!" बाबा इतके हसले की टाक्यांवर हात धरावा लागला. "पह्यले घरात हुकूम सोडत होती, आता आत बसून सोडून राह्यली."

"मंग आयका ना!" ताई ओरडली. "सकाळपासून पानी प्या म्हणून राह्यली, तं आयकत नाई."

तिने गडवा पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. माझ्या सुईला ते दर वेळी म्हणायचे, "थांब, एक मिनिट."