रांगोळीवर कबड्डी

मले कबड्डीतलं काही समजत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौथीपर्यंत शाळा, मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जन्मभर चौकीदारी. त्यात कबड्डी कुठून येणार? तरी आमच्या घरकुल वसाहतीच्या मैदानाची शिट्टी आज माझ्याच गळ्यात आहे. मैदान म्हणजे पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा. आधी तिथं डुकरं लोळायची अन बुढे पत्ते कुटायचे. मी बुढ्यांत होतो.

दिवाळीच्या तोंडावर माझी बायको गेली. दिवस कसाही निघतो. पाणी भरा, भाजी आणा, पोळी करपवा, निघतो. पण सांजचे पाच ते सात काही केल्या निघत नाहीत. त्या वेळी ती चहा ठेवायची अन माझ्याशी भांडायची. चहा आता मी ठेवतो, पण भांडायले कोणी नाही. घरात गमत नाही म्हणून दारात बसायचो, दारात गमत नाही म्हणून टाकीमागं.

एक दिवस खेळ शिकवणारी ताई स्कुटीवर आली. घरकुलातल्या पोरापोरींले सांजच्याले कबड्डी शिकवाले एका संस्थेनं तिले पाठवलं होतं. तिनं आम्हा पत्तेवाल्यांले विचारलं, "इथं झाडझूड अन देखरेख कोण करणार?" बाकीच्यांनी पत्त्यांत तोंड घातलं. मी हरून राह्यलो होतो, म्हणून हात वर केला.

पोरं पहिल्याच दिवशी आली. पोरी काही येईनात. मी समोरच्या शेजारणीकडं गेलो. तिच्या दोन पोरी आहेत, अन तिनं पाठवल्या की सारी गल्ली पाठवते.

"भाऊजी, पोरीची जात. मैदानात लोळते, बरं दिसते काय?"

"घरात मोबाईल घेऊन लोळते, ते बरं दिसते?"

"तुमची घरची असती तर पाठवल्या असत्या. तुमच्या भरवशावर कोण पाठवते?"

"ती असती तर मी तुझ्या दारात कायले आलो असतो?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मग बाकीच्या आल्या.

महिना बरा गेला. मी झाडायचो, शिट्टी वाजवायचो, पोरी 'आबाजी' म्हणायच्या. मग ताईनं सांगितलं, "शनिवारी संस्थेच्या मोठ्या मॅडम पाहायला येणार आहेत. पोरींचा खेळ रंगलेला दिसला तर इथलं चालू. नाही दिसला तर मला अन सामानाला दुसऱ्या वस्तीत पाठवतील." म्हणजे माझे पाच ते सात पुन्हा माझ्या उरावर. पोरींचं भलं वगैरे लोक बोलतात. मी खरं सांगतो, मले माझी पडली होती.

शनिवारी दुपारी रेघा आखाले चुन्याची थैली उघडली, तर आत दगड. मीच ती टाकीच्या गळक्या तोटीखाली ठेवली होती. ताईले फोन केला. ती म्हणाली, "आबाजी, काहीही करा, पण आखा. मी मॅडमना घेऊन निघाले."

घरी फळीवर रांगोळीचे दोन डबे होते. बायकोनं दिवाळीसाठी बाजारातून आणले होते. झाकणं उघडायचीही राहिली. मी डब्यांसमोर जरा वेळ उभा राहिलो. मग म्हटलं, पांढरं ते पांढरं. घेतले काखेत.

अर्धी रेघ ओढली तोच शेजारीण कंबरेवर हात ठेवून उभी.

"भाऊजी, ही रेघ आहे की साप गेला?"

तिनं डबा हिसकला. तिच्यामागं आणखी चार बाया आल्या. आमच्या वस्तीत कोणाकडं गणपती बसतात, कोणाकडं जयंतीले निळे झेंडे लागतात. पण वाकडी रेघ पाहून साऱ्यांचेच हात शिवशिवतात. तासाभरात मैदान आखून झालं. मधली रेघ दोरी लावून सरळ. चारही कोपऱ्यांत फुलं. बोनसच्या रेघेवर वेलबुट्टी. मैदान कबड्डीचं कमी अन लग्नाचं जास्त दिसत होतं.

शेजारणीनं डबा माझ्या हातात देला अन विचारलं, "ही ताईची रांगोळी होय ना?" बायकोले ती ताई म्हणायची.

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले, अन मागं वळून पोरींवर ओरडली, "पाय पडला तर पाहा बरं."

तिथंच घोळ झाला. मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. मी शिट्टी मारली. पहिली पोरगी 'कबड्डी कबड्डी' करत मधल्या रेघेपर्यंत आली अन थांबली. सलवार उचलून, नाली ओलांडावी तशी टुणकन उडी मारली. उडीत तिचा दम सुटला. बाद. दुसरी आली, तिनंही उडी मारली. बाद. समोरच्या पोरी कोपऱ्यातली फुलं वाचवाले मधोमध गोळा होऊन एकमेकींले चिकटून उभ्या. कोणी कोणाले शिवलं नाही. पॉइंट मिळाले ते फक्त दम सुटल्याचे.

मॅडमनं ताईले विचारलं, "हा कुठला प्रकार?"

ताई माझ्याकडं पाहू लागली. मी शेजारणीले म्हटलं, "सांग न पोरींले, तुडवा म्हणा."

"ताईची रांगोळी मी तुडवाले सांगू? माझी जीभ झडन."

बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. मॅडमनं कागद काढला. आता मले दिसून राह्यलं होतं, सामान टेम्पोत चढून राह्यलं आहे.

मी चपला काढल्या. सत्तरी गाठलेला माणूस, पायजमा खोचला अन कबड्डी कबड्डी म्हणत निघालो. जन्मभर बायकोच्या दारातल्या रांगोळीवरून सायकल घातली. "डोळे कपाळात गेले काय?" हे रोजचं ऐकलं. तेव्हा मले नवीन काही करायचं नव्हतं. मधल्या रेघेवर पाय घासत गेलो, कोपऱ्यातल्या फुलावर थेट उभा राहिलो अन म्हटलं, "तिनं चाळीस वर्षं मले शिव्या देल्या. तुम्हाले काही म्हणणार नाही. धरा."

सहा जणी एकदम आल्या. दोघींनी पाय धरले, एकीनं सदरा, बाकीच्या अंगावरच पडल्या. सदरा फाटला, फूल गेलं, माझा दम तर आधीच गेला होता. बायांचं हसणं टाकीपर्यंत ऐकू गेलं असणार. मले ओढून बाहेर बसवलं अन मग पोरी खऱ्या खेळल्या. अशा खेळल्या की वेलबुट्टी कुठं होती ते उरलं नाही.

शेवटी शेजारणीची धाकटी चढाईवर गेली. तिले धरली, ती आडवी पडली, हात लांबवला.

"टेकला. रेघेले हात टेकला," शेजारीण मैदानात घुसली.

"रेघ आहे कुठं?" दुसऱ्या टोळीतल्या एकीची आई म्हणाली.

"मी काढली, मले माहीत नसन? ही इथं होती."

"इथं नाही, वीतभर पुढं. दोरी मी धरलती."

मॅडमले निघायचं होतं. बायांनी त्यांले उठू देलं नाही. आधी पॉइंट कोणाचा ते सांगा, म्हणाल्या. मॅडम चपला काढून मैदानात आल्या, वाकून पाहू लागल्या. मग कंटाळून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा येते, तोवर चुन्यानं आखा."

मी टाकीले टेकून बसलो होतो. कोणीतरी म्हटलं, आबाजी, तुम्ही पंच, तुम्ही सांगा. मी वर पाह्यलं तर खांबावरचे दिवे लागले होते. सात कधी वाजले, मले कळलं नव्हतं.

पॉइंट मी कोणालेच देला नाही. दोन्ही आया अजून माझ्याशी भांडतात, रोज, चहाच्या वेळी.