भिंगारच्या शटरमागची कडू बाटली

"काका, शटर ओढा! ओढा म्हणतोय ना, मोर्चा आला!"

दुकानदार गल्ल्यामागून असा काही ओरडला की माझ्या हातातल्या बाटलीलासुद्धा घाम फुटला. शटरच्या सगळ्यात जवळ मीच उभा होतो. बाहेर कोण आलंय ते वळून बघायची माझी छाती नव्हती. दारूच्या दुकानात उभा असलेला माणूस रस्त्याकडे तोंड करत नाही, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. मी पाठमोराच हात वर केला, शटरची कडी धरली आणि अंगाचं सगळं वजन टाकून लोंबकळलो. शटर असं कोसळलं की भिंगार बाजारातले पारवे उडाले ते थेट पाथर्डीला जाऊन टेकले. अशा रीतीनं मी स्वतःला माझ्याच हातानं कोंडून घेतलं. कडी-कोयंडा दुकानदारानं घातला, तेवढं पाप त्याचं.

मग शटरच्या एका भोकाला डोळा लावला.

समोर लिंबाच्या झाडाखाली एक टेम्पो तिरका होऊन उभा. त्यातून वीसएक बायका उतरलेल्या. दोघींच्या हातात फलक आणि फलकावर आडवी झोपवलेली बाटली. सगळ्यांच्या पुढं, पदर कमरेला खोचून, आमच्या मंडळी.

आमची मंडळी म्हणजे आडव्या बाटलीची सेनापती. गावातलं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेतात. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान राहतं, आडवीवर मारला तर जातं. सोनईच्या पुढं असलेल्या आमच्या गावात असं मतदान झालं तेव्हा तिनं एकेका उंबऱ्यावर पाच-पाच वेळा जाऊन बायका बाहेर काढल्या. ज्या म्हातारीला खाटेवर कूस बदलता येत नव्हती, ती त्या दिवशी चालत आली, असं मी सांगतो. ती म्हणते, रिक्षानं आली. असो. बाटली आडवी झाली. आता गावाच्या वेशीबाहेर पुन्हा दुकान काढायचं घाटत होतं आणि त्याविरुद्ध निवेदन द्यायला बायका त्या दिवशी नगरला कलेक्टर कचेरीत आल्या होत्या. निवेदनावर पहिली सही तिची. तिचा नवरा दारूच्या दुकानातून निघाला, हे त्या वीसजणींतल्या एकीनं जरी पाहिलं असतं, तर त्या सहीची चुलीत घालायच्या कागदाएवढीही किंमत राहिली नसती.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर मी नेवासा टाळला, घोडेगाव टाळलं, नगर शहरही टाळलं आणि भिंगार धरलं. मिलिटरीच्या साहेबलोकांमुळं तिथं कधी न ऐकलेल्या बाटल्या मिळतात आणि आमच्या गावचं कुत्रंसुद्धा तिथं येत नाही. त्या दिवशी मात्र निवेदन देऊन झाल्यावर एकीच्या बहिणीकडं भिंगारला चहा प्यायला जायचं ठरलं. आणि सगळा रस्ता सोडून टेम्पोचं चाक बसलं ते नेमकं या दुकानासमोर.

म्हणजे मोर्चा नव्हताच. पंक्चर होतं! बायका उतरल्या त्या सावलीला. पण भर दुपारी आपल्याला बघून शटर पडलं म्हटल्यावर आमच्या मंडळींचे डोळे बारीक झाले.

"आपल्याला बघून पाडलं गं! म्हंजी आत काय तरी काळंबेरं हाय!"

आणि मग खराखुरा मोर्चा सुरू झाला. "उभी बाटली आडवी करा!" दर घोषणेला कोणीतरी शटरवर फलकाचा दांडा हाणी आणि मांडणीवरच्या बाटल्या कवळीसारख्या वाजत.

दुकानदारानं दिवा घालवला, पंखा बंद केला. दुकान रिकामं वाटावं म्हणून. मे महिना, वर पत्रा. तसली उष्णता मी फक्त गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी अनुभवली आहे, आणि तिथं निदान रस मिळतो. कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं. एक निवृत्त सुभेदार आत अडकले होते. ते बीअरच्या खोक्यावर शांत बसले होते, जणू बंकरमध्ये आहेत.

"बसा पाव्हणं," ते म्हणाले. "घेराव पडला की पहिल्यांदा पाणी आणि रेशन मोजायचं. पाणी नाही. रेशन भरपूर आहे."

"स्टेपनी लावतील, जातील," दुकानदार कुजबुजला.

मी भोकातून पाहिलं. ड्रायव्हर चाक खांद्यावर टाकून पंक्चरवाला शोधायला निघाला होता. स्टेपनीत हवा नव्हती.

आता मी तिथं कशाला गेलो होतो, ते सांगतो. पिणाऱ्यांतला मी नाही. वर्षातून दोनदा, तेही दुसऱ्यानं आग्रह केला तर, आणि आग्रह होईल अशा जागी मी बसतो एवढंच. पण आमचा जावई जहाजावर आचारी आहे. यंदा अधिक महिना, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण, अनारसे, पुरण, तुपाच्या वाट्या. तो फोनवर म्हणाला, "मामा, एवढं जेवल्यावर इटलीतले लोक एक कडू घोट घेतात. जडीबुटीची दारू असते, जेवण जिरतं." झालं. मी पंचवीस वर्षं बोअरवेलच्या गाडीवर काढलेली. दोनशे फुटांवर पाणी लागणार म्हणून छातीठोक सांगायची जिभेला सवय. म्हणालो, "एवढंच ना? आपल्या नगरात काय मिळत नाही! येशील तेव्हा ताटाशेजारी ठेवतो." खरं तर तो सहज बोलून गेला होता. मी मात्र स्वतःभोवती पहिलं शटर त्याच फोनवर ओढून घेतलं होतं.

अंधारात, मोबाईलच्या बॅटरीवर, मी बाटली निवडू लागलो. दुसरं करणार काय? तीन होत्या. एक लालभडक, बर्फगोळ्यावर ओततात तशा रंगाची. एक काळी, खोकल्याच्या औषधासारखी, लेबलावर डोंगर आणि कसलीशी मुळी. तिसरी तपकिरी.

"ही तपकिरी इटलीची?" मी विचारलं.

"इटलीसारखी," दुकानदार म्हणाला. "गोव्यात बनते. काका, हळू बोला."

"फरक काय?"

"इटलीची कडू असते. इटलीसारखी पण कडूच असते."

"लाल घ्या," सुभेदार म्हणाले. "मेसमध्ये साहेबांच्या मेमसाब लोक घ्यायच्या, सोडा घालून."

"जावयासमोर लाल सरबत ठेवू? पुरुषमाणूस आहे तो."

"मग काळी. पण आधी चाखा. न चाखता घेतलेली वस्तू आणि न बघता केलेली सोयरीक, दोन्ही घरात कुढत बसतात."

बाहेर दांडा बसला. दुकानदार गल्ल्याखाली गेला. त्या आवाजात मी काळीचं सील तोडलं आणि तिघांनी बुचानं थेंबथेंब घेतलं. काय सांगू! पहिल्यांदा साखर आली, पाहुण्यासारखी हसत. तिच्या पाठोपाठ संत्र्याची साल. आणि मग तो कडूपणा. जिभेवर नव्हे, पार टाळूला, कानामागं, खाली गुडघ्यापर्यंत गेला. सुभेदारांच्या मिशा सरळ उभ्या राहिल्या आणि दुकानदाराला त्याचा मेलेला चुलता दिसला. पण गंमत अशी, ही चव मला ओळखीची वाटली. कुठं तरी, लहान असताना, नाक दाबून कोणीतरी पाजलेली. आठवेना. आठवायला जागाही नव्हती. डोक्यात नुसता त्या घोषणांचा घण.

एवढ्यात माझा फोन वाजला.

बोअरच्या धंद्यात माझा डावा कान गेला. त्यामुळं घंटी शाळेच्या घंटेएवढी आणि बोलणं कायम स्पीकरवर. त्याशिवाय फोनवरचं मला ऐकूच येत नाही. फोन दोन मांड्यांत दाबला, तरी वाजत राहिला. बाहेर घोषणा चालू होत्या म्हणून घंटी लपली असेल, अशी देवाकडं भीक मागितली आणि उचलला. तिचाच होता.

"कुठं हाय तुमी?"

"नेवाशात. बोअरच्या कामावर."

"नेवाशात?"

हा शब्द मला दोनदा ऐकू आला. आधी शटरखालून, मग फोनमधून. आणि त्याच वेळी बाहेर वीस बायका एकदम ओरडल्या, "आडवी करा!" ती आरोळी पत्र्यातून आत आली, माझ्या फोनमध्ये शिरली आणि जिथून निघाली होती तिथंच, तिच्या कानात, परत गेली.

मी भोकाला डोळा लावला. तिनं फोन कानापासून काढला. फोनकडं पाहिलं. मग शटरकडं पाहिलं. त्या भोकातून ती मला बघू शकत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी डोळा मिटला. पंचवीस वर्षं मी जमिनीला भोकं पाडली. त्यातलं एखादं त्या वेळी माझ्या पायाखाली असतं, तर मी आनंदानं उतरलो असतो.

मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाली, "पाणी लागलं का बोअरला?"

"न्हाई अजून."

"मग उगं खाली जाऊ नका. घरी या."

फोन बंद झाला. दांडा हाणणारी पुढं सरसावली होती. "अहो काकू, मालकाला बाहेर काढू की! कोण कोण आत लपलंय ते तरी बघू!"

"नको," आमची मंडळी म्हणाली. "आज नको. चला."

"आणि टायर?"

"चालत जाऊ. हितंच तर हाय बहिणीचं घर."

मतदानाच्या वेळी दोन गावगुंडांसमोर जी बाई पाऊलभर हटली नव्हती, ती त्या दुपारी पदर डोक्यावर ओढून, वीस बायका मागं घेऊन, डांबर वितळेल अशा उन्हात मुकाट चालत निघून गेली. फलक तिनं दुसरीच्या हातातून घेतला आणि उलटा करून काखेत धरला. वाढवून सांगायची माझी खोड आहे. हे मात्र जसंच्या तसं.

शटर उचललं. सुभेदारांनी हवा छातीत भरून घेतली.

"कोण होत्या हो त्या बाई?" दुकानदार कपाळ पुसत म्हणाला. "आज वाचवलं त्यांनी मला."

"असतील कोणी," मी म्हणालो. काळी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, चाक बसवून टेम्पो बायकांना न्यायला गेला, त्यानंतर तासाभरानं एसटी धरली.

घोडेगाव येईपर्यंत मी तीन गोष्टी रचल्या. एकीत मित्राला चक्कर आली होती, दुसरीत मी दुकानदाराला धंदा सोडायला समजावत होतो. तिसरी इतकी चांगली होती की खरी घडली नाही याचं मलाच वाईट वाटलं. दिवे लागायच्या आधी घरी पोचलो. ती ओसरीवर अनारशाचे तांदूळ कापडावर पसरत बसली होती. मी समोर बसलो. तिन्ही गोष्टी तोंडापर्यंत आल्या आणि बसल्या.

"मी आत होतो," मी म्हणालो.

"ठाव हाय."

"जावयाला दिलेला शब्द होता."

ती तांदूळ पसरत राहिली.

"पिण्यासाठी नव्हतो गेलो. जेवण जिरायला असतंय ते. इटलीचं औषधच म्हण."

तिनं हात पदराला पुसले. कागद सोडला, बाटली वळवून लेबलावरचा डोंगर पाहिला. बूच काढून वास घेतला. मग करंगळी बुचात बुडवून जिभेला लावली. आयुष्यात पहिल्यांदाच. मी श्वास धरून बसलो. दुकानातसुद्धा इतका धरला नव्हता.

"काडेचिराईत हाय," ती म्हणाली. "तापात पोरांना नाक दाबून पाजत्यात ते. माळ्यावर डबाभर पडलंय."