टर्कीचा नर फुगतो तेव्हा

टर्कीच्या नराइतका रिकामटेकडा प्राणी मी पाहिलेला नाही. वर्षातले बरेच महिने तो निदान गप्प असतो. फाल्गुन लागला, ज्वारी निघून कडबा रचला गेला आणि ऊन तापायला लागलं, की याच्या अंगात येतं. शेपटीचा पंखा उघडायचा, पंखांची टोकं जमिनीवर खरडत चालायचं, छाती काढून फुगायचं. मान लालभडक, डोकं निळसर, आणि चोचीवरची मांसाची पट्टी, जी एरवी बोटाच्या पेराएवढी असते, ती लांब होऊन गळ्यापर्यंत लोंबते. हा सगळा थाट मादीसाठी. ती दाणे टिपत असते. तिला कामं असतात.

मिरजगावच्या पुढे, हायवेपासून थोडं आत आमची वस्ती आहे. वडील गेल्यावर आईने लिंबोणीच्या कडेला पत्र्याचं शेड घालून टर्क्या पाळल्या. नाताळ जवळ आला की नगरची ख्रिस्ती कुटुंबं त्या घेऊन जातात. काही घरांशी तर आमचं येणंजाणं आहे. त्या टर्क्यांवरच मी बी.ए., बी.एड. झाले. माझ्याआधी आमच्या घरातल्या कुणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. आज नगरला सावेडीतल्या शाळेत शिकवते, आणि हे उपकार विसरत नाही. पण ते आईचे आहेत, आणि अर्धपोटी अंड्यांवर बसून राहणाऱ्या माद्यांचे. नरांचा त्यात वाटा किती, ते त्यांनाच विचारा. ते मोठ्या आवाजात सांगतील.

यंदा होळीला घरी गेले, तर आईच्या नडगीवर काळानिळा डाग होता आणि ती शेडच्या बाहेरूनच, जाळीवरून दाणे फेकत होती. आत करड्या मादीच्या पाठीवर पिसं उरली नव्हती. पंखाखाली बोटभर चीर होती, तिला आईने तेलात हळद कालवून लावली होती. ही करडी आमची सगळ्यात भरवशाची. स्वतःची अंडी उबवून झाली, की दुसरीची सोडलेलीही उबवते. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे अंडी उबवायच्या मशीनचा विचार आईने कधी केला नाही. करडी बसली तरच पिल्लं, आणि पिल्लं वाढली तरच नाताळला विक्री.

“औंदा ही बसती का न्हाई, कुणास ठाऊक,” आई म्हणाली. “अंगाला हात लावू देत न्हाई. भ्याली हाय.”

पाच माद्यांत तीन नर होते. एक पुरतो. उरलेले दोघे भांडतात आणि भांडण संपलं की माद्यांच्या पाठी फाडतात. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला हे समजावलं होतं: जास्तीचे नर वेगळे करा, मधल्या जाळीला गोणपाट लावा, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत. पण शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलत्यांनी ते होऊ दिलं नाही. नर जास्त तेवढी पिल्लं जास्त, असं त्यांचं गणित. शिवाय तिघांतला सर्वांत मोठा त्यांचा लाडका.

काका तरुणपणी तालमीत जायचे. आता गुडघे धरलेत, पण कुणी पाहुणा आला की त्याला शेडपाशी नेतात, फाटक उघडतात आणि मांडीवर शड्डू ठोकतात. मोठा नर गडगडत चाल करून येतो. काका हसत दोन पावलं मागे सरतात. तो आणखी येतो, हे आणखी सरतात. पाहुणे खूश. टर्कीला माणसावर धावून जायची अशी रोजची शिकवणी आमच्या दारात चालू होती, तीही फुकट.

होळीच्या दुसऱ्या दिवशी काकांचे दोन पाहुणे आले. शड्डू झाला, चाल झाली, हशा झाला. तेवढ्यात आई दाण्याचं घमेलं घेऊन आली. नर वळला आणि तिच्या पोटरीवर आदळला. घमेलं सांडलं.

“वैनी, घाबरताय काय कोंबड्याला!” काका म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, “कुत्रं पाळायची गरज न्हाई. राखण करतो. मर्द गडी हाय.”

“कुणापासून राखतो?” मी विचारलं. “आईपासून?”

“तू शाळंतली पोरं संभाळ, बाई. ह्याला नको शिकवू.”

“शिकवलंय तुम्हीच, काका. तुम्ही मागे सरता, त्याला वाटतं माणूस हरला. मग आई दिसली की धावतो.”

“म्या हरतो व्हय? अगं, खेळवतो मी त्याला!”

“ते त्याला कुणी सांगितलंय का?”

एक पाहुणा खोकला. दुसरा म्हणाला, “नगरचं पाणी लई तिखट दिसतंय.” आईने पायाची माती झटकली.

“भावजी, एवढा मर्द हाय तर तुमच्या दारात न्या. आजच न्या. राखण व्हईल तुमची.”

पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. काकांनी त्याला पंखांसकट काखेत आवळलं. त्याबरोबर गड्याचा रंग उतरला, पंखा मिटला, लोंबणारी पट्टी आक्रसून चोचीवर चिकटली. मर्दपणा एवढाच असतो.

त्या दुपारी आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या नराला जाळीपलीकडे घातलं, जाळीला गोणपाट शिवलं. तिसरा माद्यांत ठेवला, पण आधी त्याची नखं कापून कानशीने बोथट केली. तो माझ्यावर फुगून आला, तेव्हा मी दाण्याच्या पिंपाचं झाकण पुढे धरून त्याच्याच अंगावर चालत गेले. तो कोपऱ्यात जाऊन, जणू तिथेच काम होतं असं दाखवत उभा राहिला.

“मागं सरायचं नाही, आई.”

“आता ह्या वयात कुस्ती खेळू व्हय मी?” ती म्हणाली. पण झाकण तिने घेतलं.

नर पाठीवर चढला तरी नखं लागू नयेत म्हणून करडीच्या पाठीला जाड कापड हवं होतं. आईने ट्रंकेतून माझं शाळेचं खाकी दप्तर काढलं आणि मी काही बोलायच्या आत कात्री चालवली.

“अगं, ते—”

“तुझं शिकून झालं की. आता हिला पायजे.”

जखम उघडी राहील एवढी जागा सोडून तिने झूल बेतली, पंखांखालून पट्ट्या घेऊन बांधली. करडी थोडा वेळ रागाने उलटी चालली, मग विसरली.

सुट्टी संपायच्या आत काका कुंपणाशी आले. आवाज खाली होता.

“गोणपाट उरलंय का, वैनी?”

“कशाला?”

“गाडी झाकायची हाय.”

त्यांच्या नव्या मोटारसायकलच्या चकचकीत टाकीत मोठ्या नराला दुसरा नर दिसला होता. सकाळपासून तो त्याच्याशी लढत होता. टाकीवर ओरखडे पडले होते, आरसा लोंबत होता. काकू सूप आडवं धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाऊ शकत नव्हती.

“राखण करत न्हाई व्हय?” आई म्हणाली. गोणपाट दिलं. नर परत घेतला नाही.

पुढच्या वेळी गेले, तेव्हा आई घमेलं घेऊन सरळ आत शिरत होती. झाकण पिंपावर होतं. कोपऱ्यातल्या कडब्यात करडी अंड्यांवर बसली होती. पाठीवर खाकी तुकडा, त्यावर माझ्या हातची पुसट शाई: इयत्ता आठवी. कुंपणापलीकडून, गोणपाटाने झाकलेल्या गाडीजवळून, काकांचा मर्द गडी घसा फोडून गडगडत होता.

करडीने अंडी पोटाखाली सारखी केली आणि डोळे मिटले.