लाल रिबनचं फूल

शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या हाती सोपवलं, पण चर्चचं दार काही सोडलं नाही. एकोणीस वर्षं दर रविवारी ते पायरीशी उभे. एका हातावर गीतपुस्तकं, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. येणाऱ्याचे ते आधी कपडे पाहत, चेहरा नंतर. "कॉलर उलटून शिवलीय, मागच्या बाकावर बसणार." अंदाज सहसा चुकत नसे.

डब्यात लाल रिबनची फुलं असत, काकूंनी शनिवारी बसून केलेली. नवा पाहुणा आला की काकांनी त्याच्या छातीवर फूल टाचायचं आणि उपासना संपता संपता चर्चच्या सेक्रेटरींनी माइकवरून सांगायचं, "फूलवाल्यांनी उभं राहावं." मग नाव काय, काम काय, बरोबर कोण, सगळं दोनशे माणसांसमोर. टाळ्या होत. पाहुणा फुलाहून लाल होई आणि पुढच्या रविवारी त्याचा पत्ता नसे.

काका कमिटीत दोनदा बोलले होते. "अहो, माणूस आत्ता आलाय, त्याला श्वास तरी घेऊ द्या."

"शिंपीकाका, तुम्ही टाके घाला, मापं आम्ही घेतो," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले.

घरीही बोलायची सोय नव्हती. काकूंच्या फुलांचं मंडळीत केवढं कौतुक! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग ती बाई आली. राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ, टाके घरचेच पण नेटके. त्या दिवशी फुलं संपली होती, म्हणून ती सुटली. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, ओठांतल्या ओठांत गायली आणि गेली. पुढच्या रविवारी पुन्हा हजर! दुसऱ्यांदा आलेला पाहुणा याआधी कधी पाहिला, हे काकांना आठवेना. त्यांनी डबा पाठीमागे लपवला.

"या. खिडकीपाशी वारा आहे."

"माहीत आहे," ती किंचित हसली.

तिसऱ्या रविवारी सेक्रेटरींनी तिला दारातच हेरलं. "काका, यांना फूल नाही?"

"राहू द्या. त्या आता नव्या नाहीत."

"सभासदांच्या वहीत नाव नाही म्हणजे नव्याच!" सेक्रेटरींनी डब्यातून फूल उचललं आणि टाचणी थेट स्वेटरच्या विणीत खुपसायला निघाले. धागा ओढला जाणार, हे दिसलं मात्र, काकांचा हात आपोआप पुढे झाला. "द्या इकडे, मी लावतो."

त्यांनी फूल लावलं, इतकं हलकेच की एक टाका हलला नाही. बाईंनी फुलाकडे पाहिलं, मग काकांकडे. तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

माइकवरून पुकारा झाला. ती उभी राहिली, नाव सांगितलं.

"बरोबर कोण आलंय?"

"एकटीच."

"घरच्यांनाही आणा की!"

"आता कोणी नाही."

सवयीने टाळ्या पडल्या. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा बाक रिकामा होता. गीतपुस्तकावर फूल ठेवलेलं, टाचणी नीट आत वळवून.

घरी काका जेवलेच नाहीत. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा एकोणीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं.

"मग इतकी वर्षं मला का नाही बोललात?"

"तुझी फुलं होती गं."

"माझी फुलं! आणि टाचणी कोणाची होती?" काकू उठल्या आणि रिबनचं रीळ उचलून शिलाई मशीनच्या खणात टाकलं. "मला काय, शनिवारी जरा आडवी होईन."

पुढच्या रविवारी काका दारात उभे राहिले. एका हातावर गीतपुस्तकं, दुसरा हात रिकामा.

"डबा कुठाय?" सेक्रेटरी.

"घरी."

"म्हणजे? आज दोन नवी कुटुंबं येणार आहेत!"

"येऊ द्या. मी या म्हणेन, बसा म्हणेन."

"कमिटीत उत्तर द्यावं लागेल, काका."

"देईन." त्यांची नजर फाटकावर होती. पहिलं गीत झालं, दुसरं झालं. राखाडी स्वेटर काही दिसला नाही. खिडकीजवळच्या बाकाकडे कोणी वळलं की काका त्याला हळूच पुढे धाडत होते.

"तिथे नको. तिथे कोणीतरी बसतं."